गमऱ्यांच्या नावाची रांग

गमऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनच्या दारात. फोर्टातल्या विमा कंपनीत मी नुकतीच लागले होते. साहेब आतून चढ्या आवाजात सांगत होते की शिपाई मोरे उद्यापासून नाशिकच्या शाखेत जाईल, विषय संपला. दारात पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला एक ठेंगणा माणूस उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे साहेब. लेखी द्या."

"लेखी काय द्यायचंय? मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय ते ऐकलं. मोऱ्यांच्या बायकोचे दिवस भरलेत हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून पाठवतोय, एवढं लेखी द्या."

मोरे नाशिकला गेला नाही. दुपारी कँटीनमध्ये मी त्या माणसाला विचारलं की साहेब एवढ्यावर गप्प कसे बसले. तेव्हा त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग "राहता कुठे?" विचारलं, मी फणसवाडी म्हटल्यावर "आणि गाव?" विचारलं, आणि मग कुठे उत्तर दिलं. "माणसाला ज्या गोष्टीची आतून लाज वाटते ना वैद्यबाई, ती तो कागदावर उतरवत नाही."

सुरेश गमरे आमच्या युनियनचे सरचिटणीस होते. जन्म काळाचौकीच्या चाळीतला. वडील रत्नागिरीकडून येऊन गिरणीत लागलेले. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली भिंतीला लागून एक बाक. त्या बाकावर वडिलांच्या वेळेपासून बैठका व्हायच्या. त्यामुळे चार माणसं जमली की बैठक होते आणि बैठकीला अध्यक्ष लागतो, हे गमऱ्यांच्या रक्तातच होतं. दुपारी डबे उघडताना कुणी म्हणालं की आज बाहेरून काही मागवू या, तर ते म्हणत, "आधी अध्यक्ष निवडा." आम्ही हसायचो. ते हसत नसत. त्यांचा नियम असा की सगळ्यात नवा माणूस आधी बोलणार आणि अध्यक्ष सगळ्यात शेवटी. "मोठी माणसं आधी बोलली की लहान माणसं फक्त मान हलवतात," असं त्यांचं म्हणणं. त्या नियमापायी युनियनच्या पहिल्याच बैठकीत मला उभं राहून बोलावं लागलं. काय बोलले ते आता आठवत नाही. त्यानंतर मात्र मला कुठेही बोलायची भीती वाटली नाही.

त्यांच्या लग्नाचा विषय कचेरीत अधूनमधून निघायचा. पन्नाशीकडे आलेला, पक्क्या नोकरीचा, विधवा बहिणीबरोबर राहणारा माणूस. एका वर्षी युनियनच्या निवडणुकीत विरोधी गटाने तोच विषय हाती घेतला. खोताच्या वाडीतला एक ख्रिस्ती गृहस्थ, गमऱ्यांचं त्याच्याकडे जाणंयेणं, असं जिन्यात कुजबुजत सांगितलं जाऊ लागलं. मी ते त्यांच्या कानावर घालावं की नाही या विचारात होते, पण त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

मतदानाच्या आधी परळच्या एका हॉलमध्ये सर्वसाधारण सभा होती. गमरे माईकवर आले.

"मंडळी, माझं नाव सुरेश धोंडू गमरे, राहणार काळाचौकी. गेले काही दिवस जिन्यात आणि कँटीनमध्ये माझ्याबद्दल एक चर्चा चालू आहे. ती खरी आहे. मी समलिंगी आहे. फ्रान्सिस परेरा माझे जोडीदार आहेत. ते गोदीत क्लार्क आहेत आणि त्यांची युनियन आपल्यापेक्षा बरी चालते. कुणाला काही विचारायचं असेल तर इथे माईकवर येऊन विचारा. नसेल तर पुढचा विषय घेऊ. कँटीनचा चहा."

त्या काळात कायद्याने तो गुन्हा होता. त्या चार वाक्यांवर नोकरी गेली असती, तुरुंगवासही झाला असता. माईकवर कुणी आलं नाही. मग खरोखरच कँटीनच्या चहावर चर्चा झाली.

गमरे ती निवडणूक हरले. मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"हरलो तर वाईट वाटणारच. पण आता जिन्यात बोलायला काही उरलं नाही, बघा."

पुढच्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना परत निवडून आणलं. मधल्या सरचिटणीसाने साहेबांच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला होता आणि अर्धी कचेरी बदलीवर गेली होती.

पण त्या सभेची बातमी कचेरीबाहेरही गेली. कुठून कुठून तरुण मुलं त्यांना शोधत काळाचौकीला येऊ लागली. कुणाला घरातून काढलेलं, कुणाचं लग्न जबरदस्तीने ठरवलेलं, कुणाला नुसतंच आपल्यासारखा एक मोठा माणूस बघायचा असायचा. रविवारी दुपारी गमऱ्यांच्या खोलीत बैठक भरू लागली. बहीण शालूताई चहा टाकायच्या. फ्रान्सिस खोताच्या वाडीहून खारी घेऊन यायचे आणि दाराजवळ बसायचे. उंच, काटकुळा, अगदी कमी बोलणारा माणूस. मी एकदोनदा गेले. अध्यक्ष निवडला जायचा, ठराव मांडले जायचे. वकील शोधायचा, डॉक्टरांशी बोलायचं, एखाद्या आईला भेटायला कोण जाणार ते ठरवायचं. पुढे त्यातूनच संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, दिल्लीपर्यंत जाणंयेणं झालं. गमऱ्यांचं नाव वर्तमानपत्रात येऊ लागलं. पण बैठक त्या खोलीतली सुटली नाही.

चाळीत सगळ्यांना हे आवडलं असं नाही. नळावर दोघीतिघींनी शालूताईंशी बोलणं टाकलं. समोरच्या चाळीत गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष दळवीकाका राहायचे, मालवणकडचे. गमऱ्यांपेक्षा वयाने मोठे, लहानपणी त्यांना क्रिकेट शिकवलेले. एका रविवारी ते बैठक चालू असताना दारात येऊन उभे राहिले.

"सुरेशा, माका काय ता समजत नाय. पण लोकां इचारतत."

"काय विचारतात, काका?"

"ही पोरां कोण म्हणान."

"मग त्यांना वर पाठवा. चहा तयार असतो."

काकांनी आत डोकावून पाहिलं. निम्मी मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. "बरां," ते म्हणाले. "खुर्चये किती होये?" त्या दिवसापासून मंडळाच्या खुर्च्या रविवारी गमऱ्यांकडे येऊ लागल्या. काकांना काय समजलं आणि काय नाही, देव जाणे. खुर्च्या मात्र कधी चुकल्या नाहीत.

एकदा संध्याकाळी कचेरी सुटताना गमरे माझ्या टेबलापाशी आले. "वैद्यबाई, एका ठिकाणी यायचंय. बाई बरोबर असली की लोकांचे आवाज खाली येतात." आम्ही एका पोलीस चौकीत गेलो. बागेत बसलेल्या दोन मुलांना तिथे आणून ठेवलं होतं. त्यातला एक, समीर, कॉलेजातला, रविवारच्या बैठकीत येणारा. हवालदार त्यांना सांगत होता की आता तुमच्या घरी फोन लावतो आणि बापाला सांगतो तुम्ही काय आहात ते.

गमरे समोरच्या बाकावर बसले. "नमस्कार साहेब. गाव कुठलं?"

हवालदाराने चमकून पाहिलं. गाव निघालं चिपळूणच्या पलीकडचं. मग गावच्या नदीचं झालं, घाटाचं झालं, कुणाचं घर अजून उभं आहे याचं झालं. मुलं भेदरून बघत होती. थोड्या वेळाने गमरे त्याच सुरात म्हणाले, "आता या दोघांना कुठल्या कलमाखाली आणलंत ते लिहून द्या, म्हणजे मी निघतो."

"कलम कसलं? बागेत बसले होते."

"तेवढंच लिहा. बागेत बसले होते."

हवालदाराने पेन उचललं, ठेवलं, आणि मुलांना जायला सांगितलं. बाहेर येऊन गमऱ्यांनी दोघांना एका हॉटेलात नेलं, मिसळ मागवली आणि म्हणाले, "आत नावं सांगायला घाबरत होतात ना? आता इथे पूर्ण नाव सांगा. मोठ्याने. मग खायचं." वेटर ताटं धरून उभा होता. समीरने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि रडायला लागला. गमरे त्याच्या ताटात लिंबू पिळत राहिले.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम पुढे कोर्टाने काढून टाकलं. त्या दिवशी मी फोन केला तर पलीकडे मुलांचा गोंधळ होता आणि गमरे ओरडून सांगत होते की आता वारसाचं बघायला हवं, भाड्याच्या घराचं बघायला हवं, दवाखान्यात सही कोण करणार ते बघायला हवं. मी म्हटलं, आज तरी पेढे खा. म्हणाले, "खातोय. तोंडात पेढा असतानाच बोलतोय."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका सकाळी आंघोळीला पाणी काढताना, गमरे गेले. हृदय थांबलं. अंत्ययात्रेत कुणीतरी शालूताईंना विचारलं की ते उंच गृहस्थ कोण. शालूताई म्हणाल्या, "घरचे आहेत. वाट द्या त्यांना."

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा दळवीकाकांनी आम्हाला मंडळाच्या कार्यालयात बोलावलं. शालूताई, फ्रान्सिस, समीर आणि मी. समीर आता नोकरीला लागला होता आणि संघटनेचं काम तोच बघत होता. काकांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. मंडळाचं दरवर्षीचं रक्तदान शिबिर यंदा सुरेशच्या नावाने, सुरेशच्या स्मृतिदिनाला, चौकात मंडप घालून. आम्हाला बरं वाटलं. समीर मात्र खाली बघत होता.

"काका, आम्ही सगळे येऊ," तो म्हणाला. "मंडप घालू, पाणी देऊ. पण रक्त आम्हाला देता येणार नाही."

"कित्याक? सुयेक भियातास?"

"घेत नाहीत काका. पुरुषाबरोबर राहणारा पुरुष असला की बाद. कायमचा. तसा नियम आहे."

काकांनी चष्मा काढला. "पण रगत तपासतत मा? सगळ्यांचा?"

"तपासतात."

"मगे?"

तेव्हा शालूताई बोलल्या. सुरेश याच शिबिरात दरवर्षी रक्त द्यायचा. एका वर्षी टेबलावरच्या डॉक्टरने तो प्रश्न विचारला आणि सुरेशने खरं ते सांगितलं. डॉक्टरने त्याला उठायला सांगितलं. तो उठला, शालूताईंच्या हातातले बिस्किटांचे पुडे घेतले आणि रक्त देऊन आलेल्यांना वाटायला लागला. त्यानंतर दरवर्षी त्याने बिस्किटंच वाटली.

दळवीकाकांचा चेहरा उतरला. "मी तेका चिडवी होतंय," ते म्हणाले. "म्हातारो झालो म्हणान. तो हसायचो. माका सांगूक काय झालां होता तेका?"

"मीही विचारलं होतं," शालूताई म्हणाल्या. "सगळ्या मुंबईशी भांडतोस, मग आपल्या दारात गप्प का? तर म्हणाला, काकांचं शिबिर आहे, मागे रांग आहे, त्या रक्ताची कुणालातरी गरज आहे. इथे नको." त्या काकांकडे वळल्या. "मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. तो गप्प बसला. मी बसणार नाही."

"मग शिबिरच रद्द करूया," काका म्हणाले.

"रद्द का? रक्त तर हवंच आहे. शिबिर होऊ दे. फक्त ही मुलंही रांगेत उभी राहतील. टेबलापर्यंत जातील. काय होतं ते सगळ्यांसमोर होऊ दे."

मंडळाचे खजिनदार तिथे बसले होते, त्यांना हे रुचलं नाही. निदान मंडपाच्या बोर्डावर तरी 'समलिंगी' हा शब्द नको, म्हणाले, 'थोर समाजसेवक' पुरे. शालूताई म्हणाल्या की समाजसेवक तर निवडणुकीच्या बोर्डावरचे सगळेच असतात. बोलणं वाढत चाललं. तेव्हा दारापाशी बसलेले फ्रान्सिस पहिल्यांदा बोलले.

"नाव लिहिणार असाल तर पुरं लिहा. अर्धं लिहायचं तर लिहू नका."

दळवीकाकांनी खजिनदारांकडे पाहिलं. "पुरां लिवया," ते म्हणाले.

बोर्ड छापणाऱ्याने दोनदा फोन करून मजकूर बरोबर आहे ना ते विचारलं. स्मृतिदिनाच्या सकाळी काकांनी शिडीला हात लावून उभं राहून तो बांधून घेतला. गमऱ्यांचा फोटो, आणि खाली: सुरेश धोंडू गमरे, कामगार आणि समलिंगी हक्कांचे नेते. रस्त्यावरून जाणारे थांबून वाचत होते. काही पुढे जात होते, काही मंडपात शिरत होते. एक बाई बोर्ड वाचून मुलाला म्हणाली, "हे आपल्या इथलेच होते."

रांग लागली. पहिल्या शालूताई. त्यांचं रक्त घेतलं. दुसरे फ्रान्सिस. टेबलावर रक्तपेढीची तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारायच्या आतच ते म्हणाले, "मी फ्रान्सिस परेरा. सुरेश गमऱ्यांचा जोडीदार." मंडपातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. एवढ्या वर्षांत त्या चौकात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरीण खाली बघत म्हणाली, "सर, मला घेता येणार नाही."

"माहीत आहे. मी रांगेत होतो एवढं लक्षात ठेवा."

ते उठले. मग समीर बसला. त्याने नाव सांगितलं, तिने नाही म्हटलं, तो उठला. मग त्याच्यामागची मुलं, एकेक. कुणी आवाज चढवला नाही. मधूनमधून चाळीतला कुणीतरी बसायचा आणि त्याचं रक्त घेतलं जायचं, मग पुन्हा एका मुलाला उठवलं जायचं. ते बघणं सोपं नव्हतं. एक जाडजूड कार्यकर्ता "मंडपात हे राजकारण कशाला" म्हणत निघून गेला, त्याच्याबरोबर आणखी काही. त्यांना कुणी अडवलं नाही. नळावर शालूताईंशी बोलणं टाकलेली एक शेजारीण मात्र रांगेत होती. रक्त देऊन झाल्यावर ती समीरच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, "तुला भूक लागली असेल ना?"

काकांचं वय रक्त देण्याच्या पलीकडे गेलेलं. ते टेबलाच्या बाजूला निवेदन घेऊन बसले होते. मजकूर शालूताईंनी सांगितलेला आणि मी लिहिलेला: या लोकांचं रक्त आमच्या रक्तासारखंच तपासावं आणि चांगलं असेल तर घ्यावं. रक्त देऊन उठणाऱ्या प्रत्येकाला काका म्हणायचे, "वाच आधी, मगे सही कर." काहींनी सही केली नाही. बहुतेकांनी केली. खजिनदार बराच वेळ दूर उभे होते. शेवटी त्यांनीही रक्त दिलं, निवेदन वाचलं, आणि सही करताना काकांकडे पाहिलं नाही.

आवराआवर चालू असताना डॉक्टरीण शालूताईंकडे आली. "नियम माझ्या हातात नाही हो," ती म्हणाली. "पण याची एक प्रत द्या. आमच्या मुख्य डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाते."

मूळ निवेदन शालूताई आणि दळवीकाकांनी आरोग्य खात्यात नेऊन दिलं. काकांचे गुडघे दुखतात, तरी ते दोनदा चौकशीला जाऊन आले. अजून उत्तर नाही. नियम आहे तसाच आहे. पुढच्या वर्षी मंडप त्याच दिवशी घालायचा आणि रांग तशीच लावायची, असं मंडळाने ठरवलं आहे. लालबागच्या आणखी एका मंडळाने, आम्हीही करू म्हणून, निवेदनाची प्रत मागून नेली.

लोक मला विचारतात की गमरे शेवटचे कधी भेटले. त्यांच्या जाण्याच्या काही आठवडे आधी मी गिरगावात भाजी घेऊन परतत होते. नाक्यावर एक चांभार बसतो. त्याच्यासमोर गमरे एका पायावर उभे होते, दुसरा पाय उघडा, आणि त्यांच्या चपलेचा अंगठा चांभार शिवत होता. तोल सांभाळायला त्यांनी फ्रान्सिसच्या खांद्यावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना चारचौघांत एकमेकांना हात लावताना पाहिलं नव्हतं. गमऱ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी दुसरा हात वर करून मला हाक मारली, "काय वैद्यबाई, भाजी काय मिळाली?" मी म्हटलं, माठ. ते म्हणाले, "छान." चांभाराने चप्पल पुढे सरकवली. गमऱ्यांनी पाय घातला, जमिनीवर एकदा दाबून पाहिला, आणि दोघं खोताच्या वाडीकडे वळले. तोल सावरला होता, तरी हात खांद्यावरच होता.